वापरलेल्या व्ही-क्रॉसला नेमके बसणारे फ्लोअर मॅट कसे निवडावेत?

तुमचा प्रश्न असा की २०१९ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप सेकंडहँड घेतली आहे, तासगावकडे द्राक्षबाग आहे, चिखलाचे बूट रोज गाडीत येतात, आणि ऑनलाइन ‘युनिव्हर्सल’पासून ‘सेव्हन डी’पर्यंत सगळंच ‘परफेक्ट फिट’ म्हणून विकलं जातंय. मग घ्यायचं कोणतं? माझा धंदाच सीट कव्हर आणि मॅटचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट बघा. बाकीची बोटभर इकडंतिकडं झाली तरी काही बिघडत नाही. हे एक मात्र चुकलं तर थेट जिवाशी गाठ. २००९च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ टोयोटाचीच एक लेक्सस भरधाव सुटली आणि चार माणसं गेली. शोरूमने तात्पुरती वापरायला दिलेली गाडी होती ती. तपासात निघालं की तिच्यात दुसऱ्याच मॉडेलचं रबरी मॅट टाकलेलं होतं आणि ॲक्सिलरेटरचं पेडल त्यात अडकलं होतं. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांचा रिकॉल काढला. त्यात टॅकोमा आणि टुंड्रा हे त्यांचे पिकअपही होते. म्हणून ‘याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं आहे, बसतंय की’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

बसतंय की नाही हे दुकानातच तपासता येतं. इंजिन बंद ठेवा, मॅट टाका, सीट तुमच्या नेहमीच्या जागेवर घ्या. खाली वाकून ॲक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबा आणि सोडा. पेडलची खालची कड मॅटला शिवली नाही पाहिजे, आणि पेडल झटकन वर आलं पाहिजे. मग मॅट मुद्दाम दोन बोटं पुढे ढकला आणि परत दाबा, कारण महिनाभराने टाचेच्या रेट्याने ते तिथंच जाणार आहे. क्लच आणि ब्रेकचंही तसंच. क्लच पूर्ण दाबला जात नसेल तर गिअर खरखरायला लागतील आणि तुम्ही गिअरबॉक्सला दोष देत बसाल. शेवटी सीट पूर्ण पुढे-मागे करून बघा. मॅटची मागची कड सीटच्या रुळात येता कामा नये.

ड्रायव्हरच्या बाजूच्या कार्पेटमध्ये मॅट अडकवायचे हुक आहेत का, तेही बघून घ्या. सेकंडहँड गाडीत ते बऱ्याचदा तुटलेले किंवा उपटलेले असतात. नसतील तर आधी ते बसवून घ्या, मग मॅट. आणि जुन्या मॅटवर नवं मॅट कधीच टाकू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत दोन-दोन थर असतात.

आता मॉडेलचा घोळ. ‘व्ही-क्रॉस’ एवढं सांगून भागत नाही. २०१९मध्ये २.५ लिटर मॅन्युअल आणि १.९ लिटर ऑटोमॅटिक अशा दोन्ही गाड्या मिळत होत्या. क्लच नसला की डाव्या पायाच्या जागेचं मॅट वेगळं कापलेलं असू शकतं, म्हणून ऑर्डर देताना आरसी बुक समोर ठेवून साल, इंजिन आणि गिअरबॉक्स तिन्ही सांगा. परदेशातून मागवायचा विचार असेल तर अमेरिकेतल्या भाच्याला त्रास देऊ नका. तिकडच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, त्यांचं ड्रायव्हर मॅट आपल्याकडे क्लीनरच्या बाजूला जाणार. थायलंड आणि ऑस्ट्रेलियात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे आहे, डी-मॅक्स (म्हणजे आपली व्ही-क्रॉसच) तिथं चिक्कार विकली जाते आणि मॅटही चांगले मिळतात. पण २०१९-२०मध्ये तिकडे गाडीची नवी पिढी आली आणि तिचा फ्लोअर वेगळा. तुमची गाडी आधीच्या पिढीची, त्यामुळे तिकडच्या नव्या पिढीच्या गाडीचं मॅट घेतलंत तर पैसे पाण्यात.

सेव्हन डीबद्दल माझं मत ऐकून माझेच धंदेवाले चिडतील. हे मॅट म्हणजे फोमवर रेक्झिन, त्यावर चौकडीची शिलाई. शहरात सेडान चालवणाऱ्याने खुशाल टाकावं, दिसतं देखणं. बागेतल्या पिकअपला मी ते देत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर तुम्ही बोर्डोची फवारणी मारणार, बुटाला मोरचूद-चुन्याचं पाणी लागणार, ते त्या शिलाईच्या भोकांत उतरणार. वरून पुसलं की मॅट चकाचक दिसतं, पण शिलाईच्या रेषा निळसर राहतात आणि आतला फोम ओलाच. त्यात ते कडेपर्यंत घट्ट बसवलेलं असतं, म्हणून रोज काढून झटकायचा कंटाळा येतो. खाली कार्पेट, त्याखाली नमदा (जाड फेल्टचा थर), त्याखाली पत्रा. पाणी एकदा नमद्यात गेलं की आठवडाभर हटत नाही. मग वास सुटतो आणि पत्र्याला गंज धरतो.

नूडल मॅटचंही तेच, उलट जास्त. त्याच्या वेटोळ्यांत काळी माती वाळली की पाइप मारल्याशिवाय निघत नाही. कापडी मॅटचा विचारसुद्धा करू नका.

तुमच्या कामाला उंच कडांचं, ट्रेसारखं मॅट हवं. कडा निदान इंचभर तरी उभ्या, म्हणजे चिखल-पाणी आतच राहील आणि मॅट उचलून बांधावर ओतता येईल. ते जाड रबराचं घ्या किंवा टीपीईचं, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचं. रबर जड, जागेवर बसून राहतं, राबवून घ्यायला चांगलं; पण नव्या रबराचा वास मे महिन्यात बंद गाडीत डोकं उठवतो, म्हणून आधी दोन-तीन दिवस बाहेर उघड्यावर टाकून ठेवा. टीपीई हलकं, वास जवळजवळ नाही, आकार धरून राहतं. मात्र हलकं असल्यामुळे हुकाशिवाय ते सरकतं. स्वस्तातलं पीव्हीसी ओळखायला सोपं आहे. कोपरा दुमडून दहा सेकंद धरा आणि सोडा. लगेच सपाट झाला तर ठीक. घडीची पांढरी रेघ राहिली तर ते मॅट एका उन्हाळ्यात कोपऱ्याला वळणार, आणि वळलेला कोपरा पेडलजवळचा असला तर वर लिहिलेलं सगळं परत वाचा.

मॅट उलटं करूनही बघा. खाली बारीक काटे असतील तर ते कार्पेटमध्ये रुततात, तुमच्या गाडीला चालेल. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत खाली कार्पेटऐवजी गुळगुळीत विनाइल असलं तर तेच काटे चाकासारखे घसरतात. तशा गाडीला मी सरळ सांगतो, मॅटच नको. कापड मारलं की फ्लोअर स्वच्छ.

मागच्या सीटपुढे मधल्या उंचवट्यावरून जाणारं एकसंध मॅट मिळालं तर ते घ्या, दोन तुकड्यांच्या फटीतून माती खाली जाते. तिथं माप थोडं चुकलं तरी कात्रीने भागवता येतं. ड्रायव्हरच्या मॅटला कात्री लावायचीच झाली तर आधी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचा साचा कापा, पेडल दाबून बघा, मगच मॅट कापा. हौद्यातलं मॅट हा वेगळा विषय, त्याचा वेगळा प्रश्न टाका.

धुतल्यावर मॅटला डॅशबोर्डचं पॉलिश मारायची खोड काही वॉशिंग सेंटरवाल्यांना असते, त्यांना आधीच ‘नको’ म्हणून सांगा. तेलकट मॅटवर टाच सरकते.

नवं काहीही टाकायच्या आधी जुन्या मालकाने चिकटवलेलं लॅमिनेशन किंवा मॅट असेल तर ते पूर्ण उचकटून काढा आणि कार्पेटवर तळवा दाबून बघा. ओल लागली तर कार्पेट उचलून नमदा खडखडीत वाळवा, सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेत का तेही बघा. पडले असतील तर आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, मॅटचं नंतर.