जर्मनीत नर्स म्हणून जायचंय? एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा

तुमची बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, सोलापुरात खासगी हॉस्पिटलमध्ये काम करणारी. एजंट साडेचार लाख मागतोय आणि ‘कागदांना अपोस्टिल केलं की शिक्षण तिकडे आपोआप मान्य’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अपोस्टिल म्हणजे आपले कागद परदेशात खरे मानले जावेत म्हणून सरकार मारतं तो शिक्का. भारत त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली आहे. त्यामुळे आपल्याकडचा तो शिक्का जर्मनीसाठी चालत नाही. शिवाय परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. साडेचार लाख कशाचे, ते लेखी मागा.

शिक्षण मान्य करायचं काम जर्मनीतल्या त्या-त्या राज्याचं कार्यालय करतं. ते तिचा अभ्यासक्रम जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं: कुठल्या विषयाचे किती तास, कुठल्या वॉर्डात किती प्रॅक्टिकल. म्हणून नुसती मार्कशीट पुरत नाही. विषयवार तास लिहिलेली ट्रान्सक्रिप्ट तिच्या नर्सिंग स्कूलकडून आत्ताच मागून ठेवा, त्याला वेळ लागतो. नोंदणीचा दाखला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून घ्या.

यानंतर बहुतेकींना पत्र येतं की अमुक अमुक कमी आहे. त्याला इथे सगळे डेफिसिट लेटर म्हणतात. ते पाहून घरात रडारड होते, पण तो नकार नाही. उलट त्याच पत्रावर व्हिसा मिळतो. जर्मनीत येऊन एक तर काही महिन्यांचा पूरक कोर्स करायचा किंवा तोंडी आणि प्रॅक्टिकल परीक्षा द्यायची. जर्मन अजून अडखळत असेल तर कोर्सच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वॉर्डात रोज बोलावं लागतं, भाषा सुधारते. नर्सचा परवाना हातात येईपर्यंत पगार सहायकाचा, आणि ही गोष्ट एजंट कधीच सांगत नाहीत.

कामाबद्दलही तिला आधीच सांगा. आपल्याकडे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं नातेवाईक किंवा आया-मावशी करतात. इथे ते नर्सचंच काम आहे, आणि ते नीट केलं की नाही यावरून तुमची पारख होते. आयसीयूत काम केलेल्या मुली पहिल्या महिन्यात म्हणतात, ‘यासाठी एवढं शिकलो का?’ मला हे काम मनापासून आवडतं. म्हाताऱ्या माणसाला धुताना त्याची त्वचा, श्वास, मन सगळं कळतं. पण ज्यांना ते कमीपणाचं वाटतं त्यांनी येऊ नये, कारण इथे त्या फार दुःखी होतात. चूक झाली तर सहकारी तोंडावर सांगतील. पण त्यात अपमान नसतो, आणि दुपारी त्याच बाई तुमच्यासोबत कॉफी घेतील.

परवान्यासाठी साधारणपणे बी२ पातळीचं, म्हणजे बऱ्यापैकी अस्खलित बोलता येईल इतकं जर्मन लागतं. टेलिग्रामवर बी२चे दाखले विकणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. खोटा दाखला देणं हा गुन्हा आहे. आणि तो खपला तरी फोनवर डॉक्टरांनी सांगितलेला डोस जिला समजला नाही, तिच्या हातून पेशंट दगावू शकतो. पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्समुल्लर भवन आहे. एजंटला द्यायचे पैसे तिच्या भाषेवर लावा.

व्हॉट्सॅप ग्रुपवर पासपोर्ट आणि मार्कशीटचे फोटो टाकू नका, मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका. परदेशातल्या अर्जदारांसाठी जर्मन सरकारचं ‘झेडएसबीए’ नावाचं मोफत सल्ला केंद्र आहे, तिचा पहिला ईमेल तिथे जाऊ दे. हॉस्पिटलचा करार आला की नोकरी सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल ते कलम आधी शोधा, आणि जर्मन येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय तिला सही करू देऊ नका.