मन लागत नाही तेव्हा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी फोंड्यात एका कार्यालयात लेखनिक आहे, वय ४१. अलीकडे अधूनमधून अचानक छातीत धडधड सुरू होते, हातपाय गार पडतात आणि आता आपण वाचत नाही असे वाटते. ईसीजी व्यवस्थित आला. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, कारण ‘टेन्शन घेऊ नका’ यात करण्याजोगे काहीच नाही. तुम्ही वर्णन करता त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. संकट समोर नसतानाही शरीर संकटाची तयारी करते, अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदय वेगाने धावते, आणि त्या धडधडीलाच घाबरल्यामुळे ती आणखी वाढते. झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. त्या वेळी श्वास सावकाश सोडण्यावर लक्ष द्यावे. चार अंक मोजत घ्यावा, सहा मोजत सोडावा. शक्य असेल तर बसल्या जागेवरून उठून पळू नये. पणजीच्या बसमध्ये एकदा झटका आला म्हणून बस सोडली, मग बाजार सोडला, असे करत माणूस घरात कोंडला जातो आणि मूळ झटक्यांपेक्षा हे कोंडणेच अधिक नुकसान करते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र एकदा तपासून घ्या, चहा-कॉफी कमी करा. झटके येत राहिले तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, हा आजार उपचारांनी चांगला आटोक्यात येतो. छातीतील कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल किंवा चढ चढताना त्रास होत असेल, तर पॅनिकच असेल असे गृहीत न धरता १०८ वर फोन करावा.

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यातले. बाबा जाऊन आठ महिने झाले. आई ६३ वर्षांची आहे. ती दिवसभर पडून असते, जेवत नाही, अंगणातल्या अबोलीकडे फिरकतही नाही, ‘मन लागले की करीन’ म्हणते. थोरल्या भावाने देवाला कौल लावला, आता तो घाड्याकडे (देवऋषीकडे) न्यायचे म्हणतो. मला वाटते डॉक्टरांकडे न्यावे. घरात रोज वाद होतो.

उत्तर : आधी वाद थांबवा, कारण तुम्हा भावंडांचे आवाज आईच्या खोलीपर्यंत पोहोचतात आणि आपण सगळ्यांना ओझे झालो आहोत, ही तिची समजूत त्याने पक्की होते. देवळात जाण्याला माझा मुळीच विरोध नाही. त्या निमित्ताने ती लुगडे बदलून घराबाहेर पडेल, चार माणसे भेटतील, हे तिच्या हिताचेच आहे. गोळ्या बंद करा, कडक उपास करा किंवा अंगाला इजा होईल असे काही करा, असे कोणी सांगितले तर मात्र तिथून उठून यावे.

जोडीदार गेल्याचे दुःख हा आजार नव्हे. दुःखी माणूस नातवंडाच्या बोलण्यावर मधूनच हसतो, आठवणी सांगतो. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसभर उदासी राहिली, कशातच रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, ‘मी जगून काय करू’ अशी भाषा येऊ लागली, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार हवेत. या वयात थायरॉइड आणि बी-१२ देखील पाहावे लागते.

‘मन लागले की करीन’ हा क्रम उलटा करायचा आहे. गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत यावर मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत एकच गोष्ट शिकवली : मन लागण्याची वाट न पाहता एखादे लहान, ठरलेले काम करायचे. नेहमीच्या उपचारांना या बैठकांची जोड मिळालेल्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण अधिक दिसले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ साली ते प्रसिद्ध केले. आपल्या केंद्रांत झालेले हे काम आपल्यालाच फारसे माहीत नाही, याचे मला वाईट वाटते.

तुमच्या घरी हे असे करता येईल. सकाळी आठ वाजता आईने तुळशीपाशी यावे, एवढेच ठरवा. दोन-तीन दिवसांनी अबोलीची पाच फुले खुडायला सांगा. पूर्ण फाती (ओवलेली माळ) मागू नका, ती अर्ध्यावर राहिली तर ‘हेही जमत नाही’ असे तिला वाटेल. तुम्ही शेजारी बसा, पण लहान मुलाची करतात तशी वाहवा नको. आणि ‘मरून जावे असे वाटते का?’ हे तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘होय’ आले तर तिला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बागायतीवर फवारायची औषधे आणि जास्तीच्या गोळ्या आजच कुलपात ठेवा.

प्रश्न : कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनवर आहे, वय २६. कामाच्या पाळ्या बदलत असतात. झोपेसाठी आधी एक पेग घ्यायचो, आता तीन लागतात आणि तरी पहाटे जाग येते.

उत्तर : पहाटेची जाग बहुधा त्या तीन पेगांमुळेच येत असावी. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती शरीरातून उतरू लागली की झोप तुटते. मालकाकडे निदान आठवडाभर एकच पाळी मागा, रात्रपाळीनंतर खोलीत पूर्ण अंधार करा, झोप येत नसेल तर अंथरुणात मोबाइल घेऊन लोळू नका. सकाळी हात थरथरत असतील किंवा न प्यायल्यास घाम सुटत असेल, तर दारू स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, कारण त्यातून फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते का?

उत्तर : झोपेच्या काही गोळ्यांची लागते, नैराश्यावरील औषधांची त्या अर्थाने लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही बरेच महिने घ्याव्या लागतात. थांबवताना डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्यात.

प्रश्न : बांबोळीच्या मनोरुग्णालयात गेलो तर गावभर होईल. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयही आहे, तिथे तर सगळा गोवाच जातो. तिथल्या मनोरुग्णालयाला पूर्वी आबे फारिया यांचे नाव होते. कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूंनी संमोहनाची शक्ती करणाऱ्यात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात असते, असे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मांडले. अशा माणसाच्या नावाच्या जागी जायला गावाने लाजावे, हे मला पटत नाही. तरीही तुमची अडचण खरी आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपासूनही सुरुवात करता येते. घराबाहेर पडायचेच नसेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. बोलताना पहिल्या वाक्यात रडू आले तरी फोन ठेवू नका, पलीकडच्या माणसाला त्याची सवय असते.