कंपनी झाल्याने कार्यक्षमता वाढते का?

प्रश्न : वरणगाव आणि भुसावळ येथील आयुध निर्माणी आता सरकारी कंपन्यांकडे आहेत. माणसे तीच, यंत्रे तीच. मग उत्पादनात फरक कशाने पडणार? आणि सरकारी उद्योगांच्या मंदपणाचे खापर कायमस्वरूपी नोकरीवर फोडणे योग्य आहे का? (एक वाचक, वरणगाव)

उत्तर : १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ जाऊन त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या; त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाकडे वरणगाव आणि यंत्र इंडियाकडे भुसावळ गेले. कर्मचाऱ्यांना मात्र प्रथम दोन वर्षांसाठी मानीव प्रतिनियुक्तीवर (म्हणजे सरकारी कर्मचारी राहूनच कंपनीकडे काम करायला पाठवल्याचे मानून) ठेवून त्यांच्या केंद्रीय सेवाशर्ती कायम राखल्या गेल्या, आणि पुढे ती मुदत वाढवली गेली. म्हणजे पाटी बदलली, मनुष्यबळाची व्यवस्था बरीचशी जुनीच राहिली. फरक पडायचा असेल तर तो तिथेच पडावा लागेल, असे माझे मत आहे.

मोबदल्याचेच पाहा. निर्माणींमध्ये पीसवर्कची जुनी पद्धत आहे : कामाला प्रमाणित वेळ ठरलेला, आणि त्या वेळात जास्त काम उतरले की कमाई जास्त. कागदावर योजना उत्तम. पण यंत्र बदलल्यावरही तो वेळ नव्याने मोजला नाही, तर फारसे कष्ट न घेता सगळ्यांचीच कमाई वरच्या मर्यादेला टेकते आणि मन लावून काम करणारा व चुकार यांच्यात काही अंतरच उरत नाही. सरकारी कंपन्यांतील अधिकाऱ्यांचे कामगिरीनिष्ठ वेतन मात्र कंपनीच्या नफ्याशी आणि मंत्रालयाबरोबरच्या सामंजस्य करारातील गुणांशी बांधलेले असते.

भरतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. काडतुसाच्या पितळी केसवरचा बारीक ओरखडा पाहून डाय (आकार देणारा साचा) झिजत आल्याचे ओळखणारा सेटर, म्हणजे यंत्र जुळवून देणारा कारागीर, पुस्तकावरून तयार होत नाही. तो निवृत्त होण्याआधी त्याच्या हाताखाली तरुण उभे केले नाहीत, तर जागा पुढे भरली तरी कसब गेलेलेच असते. शिकाऊ उमेदवार घेऊन त्यांना टपाल वाटायला जुंपणारे खाते कोणत्या तोंडाने मनुष्यबळ विकासाची भाषा करते, कोण जाणे!

राहिली कायमस्वरूपी नोकरी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ऐन मे महिन्यात डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाल्यावर धावून येणारा महावितरणचा जुना लाइनमनही कायमस्वरूपी नोकरीतलाच असतो, आणि कोणती लाइन कुठे कमजोर आहे हे त्याला त्या टिकलेल्या नोकरीमुळेच माहीत असते. दोष असलाच तर गोपनीय अहवालात सरसकट चांगला शेरा मारून मोकळे होण्यात आणि विभागीय चौकशी रेंगाळत ठेवण्यात आहे. तुमच्याकडच्या कामगार संघटनेची कंपनीशी बोलणी होतील तेव्हा प्रमाणित वेळांची फेरमोजणी आणि निवृत्तीपूर्वी भरती, हे दोन मुद्दे मागणीपत्रात भत्त्यांच्या आधी घालावेत.