पावसात रात्री रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसेनासे का होतात?
कोरडं डांबर खडबडीत असतं. हेडलाइटचा प्रकाश त्यावरून चहूकडे विखुरतो (शाळेत शिकलेलं अनियमित परावर्तन ते हेच) आणि त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो, म्हणून रस्ता दिसतो. पावसात खाचखळगे पाण्याने भरतात आणि वर आरशासारखा गुळगुळीत थर तयार होतो. सरळ वरून आलेल्या प्रकाशापैकी पाणी जेमतेम २ टक्के परतवतं, पण हेडलाइटसारखा अगदी तिरपा आला तर निम्म्याहून जास्त! तो पुढेच निघून जातो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. पट्ट्यांच्या रंगात बारीक काचमणी असतात. प्रकाश जिकडून आला तिकडेच ते परत पाठवतात, पण पाण्याखाली बुडाले की जवळजवळ निकामी. अशा रात्री वेग खरंच कमी ठेवा.