ज्वारीच्या चॉकलेट कुकीज, आणि त्याआधी चाळणी

ताई, तुम्ही लिहिलंय की नागपूरची ९ वर्षांची भाची नाताळच्या सुट्टीत आठ दिवस तुमच्याकडे कोथरूडला येतेय आणि तिला यंदाच सिलिअ‍ॅक निघालाय, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. तिच्यासाठी तुम्ही ज्वारीच्या पिठाच्या चॉकलेट कुकीज करून बघितल्या, तर ट्रेमधून उचलतानाच त्यांचा भुगा झाला आणि ज्या टिकल्या त्या दाताखाली कचकचल्या. मैद्याऐवजी नेमकं कुठलं पीठ घ्यायचं, हा तुमचा प्रश्न. पिठाचं सगळं सांगते, पण आधी तुमच्या चाळणीचं बोलू या.

माझ्या लेकीला ६ व्या वर्षी सिलिअ‍ॅक निघाला, आता ती १९ वर्षांची आहे. पहिल्या वर्षी मी घरातला गव्हाचा एकूण एक पदार्थ तिच्या ताटातून काढला. भाकरी, भात, घावन, आंबोळी, सगळं नीट चाललं होतं. तरी टीटीजीच्या, म्हणजे हा आजार कितपत आटोक्यात आहे ते दाखवणाऱ्या, रक्ततपासणीचा आकडा काही उतरेना. डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाकघरात गहू कुठे कुठे लागतो ते एकदा बारकाईने बघा. मी घरी येऊन तिच्या भाकरीचं पीठ ज्या चाळणीने चाळायचे ती उजेडात धरली. जाळीच्या विणीत, कडेच्या पत्र्याच्या दुमडीत, कणीक जाऊन बसली होती. घासूनही निघेना, सुईने उकरली तर पांढरी पूड पडली. त्याच चाळणीने मी वर्षभर आधी कणीक आणि मग ज्वारीचं पीठ चाळत होते. चाळणी, लाटणं, लाकडी उलथनं, सगळं तिच्यासाठी नवं घेतलं आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. त्या दुपारी ओट्याशी उभी राहून मी रडले होते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लांबण लावतेय.

तेव्हा तुळशीबागेतून एक नवी चाळणी आणा, एक सिलिकॉनचा उलथना, आणि बोहरी आळीतून बटर पेपरची गुंडाळी. लाकडाचं आणि ओरखडे पडलेलं नॉनस्टिक काहीही वापरू नका. स्टीलची परात आणि वाडगी नीट घासली की चालतात. बटरचं नवं पाकीट फोडा, कारण उघड्या बटरला ब्रेडचा चुरा लागलेलाच असतो. साखरही नव्या पिशवीतली घ्या. घरच्या डब्यात रव्याचा चमचा कधी गेला ते कुणालाच आठवत नाही. कुकीज करायच्या त्या सकाळी पोळ्या करू नका. कणीक भिजवताना जी पूड उडते ती बराच वेळ हवेत राहते आणि मग ओट्यावर, उघड्या भांड्यांत बसते. कुकीज आधी, पोळ्या नंतर.

आता पीठ. कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणलेलं ज्वारीचं पीठ या मुलीला चालणार नाही. आपल्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि दगडाच्या पोटात ते पीठ उरतंच. काही गिरण्यांत उपवासाचं दळण वेगळ्या जात्यावर करून देतात, पण त्याच खोलीत, त्याच धुरळ्यात. तुमच्याकडे घरघंटी असेल आणि तिच्यावर गहू कधीच दळले नसतील तर प्रश्नच मिटला. नसेल तर पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ असं स्पष्ट छापलेलं ज्वारीचं आणि तांदळाचं पीठ घ्या. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच तसं छापता येतं. नुसतं ‘गहू नाही’ लिहिलेलं पुरत नाही, कारण ग्लुटेन जवातही असतं आणि माल्ट बहुतेक जवाचंच असतं. ओट्स टाळा, शेतापासून गिरणीपर्यंत ते गव्हाच्या संगतीत असतात.

घरी दळणार असाल तर ज्वारी ताटात पसरून स्वतः निवडा. मी मार्केट यार्डातून मालदांडी आणते आणि खिडकीशी बसून निवडते. ज्वारीचा दाणा गोल, मोत्यासारखा; गव्हाचा लांबट, पोटावर चीर असलेला. कधी किलोभर ज्वारीत एकही सापडत नाही, कधी चार सापडतात. निवडून, धुऊन, फडक्यावर खडखडीत वाळवून मग दळते. पीठ ताजंच हवं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरीला कडेने चिरा पडतात, हे तुम्हाला माहीतच आहे. कुकीतही तेच होतं, शिवाय जुनं पीठ कडवट लागतं.

तुमच्या कुकीजचा भुगा का झाला तेही इथेच कळेल. कणकेचा गोळा ओढला तर ताणला जातो, भाकरीचा ओढला तर तुटतो. गव्हातलं ग्लुटेन पाण्यात भिजलं की त्याचं जाळं होतं आणि ते सगळं धरून ठेवतं. पावाला ते जाळं लागतंच, म्हणून ग्लुटेनविना पाव करणं फार कठीण. कुकीला मात्र ते थोडंसंच लागतं, आणि ती कमतरता अंडं आणि चमचाभर इसबगोल भरून काढतात. तुम्ही नुसती ज्वारी घेतली, बांधणारं काही घातलं नाही, पीठ भिजायला वेळ दिला नाही आणि गरम असतानाच उचलल्या. चारही गोष्टी सहज सुधारता येतात.

माझं प्रमाण असं आहे, आणि ते वजनावरच करा, वाटीवर नको. ज्वारीचं पीठ ९० ग्रॅम, मोदकाला घेतो तशी तांदळाची बारीक पिठी ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम म्हणजे मक्याचं पांढरं स्टार्च, पिवळं पीठ नव्हे. बिनसाखरेचा कोको ३० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा, इसबगोल एक चमचा मिक्सरमधून बारीक करून. हे सगळं नव्या चाळणीने दोनदा चाळायचं. बटर ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर ९० ग्रॅम, साधी साखर ५० ग्रॅम, एक अंडं, आणि १२० ग्रॅम डार्क चॉकलेट सुरीने चिरून. चॉकलेटच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. गहू, माल्ट किंवा बिस्किटाचा चुरा असेल तर ते नको, आणि ‘गव्हाचा अंश असू शकतो’ असं असेल तरीही नको. सुटं विकतात तो कोको किंवा चॉकलेटचे तुकडे अजिबात घेऊ नका, त्यावर वाचायला काही नसतं. बेकिंग पावडरही बघून घ्या.

तांदळाची पिठी का, तर नुसती ज्वारी रवाळ लागते. गणपतीत उकडीच्या मोदकांसाठी जशी पिठी करतो, तांदूळ धुऊन सावलीत वाळवून अगदी तलम दळलेली, तशीच इथे लागते. बोटांत चोळून बघा, टाल्कम पावडरसारखी लागली पाहिजे. खर लागली तर कुकीतही खर लागणार, चॉकलेट कितीही चांगलं असो.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. डिसेंबरात पुण्यात सकाळी ते दगडासारखं असतं, म्हणून रात्रीच बाहेर काढून ठेवा. बटर आणि दोन्ही साखरा दोनच मिनिटं फेटा. जास्त फेटलं तर हवा भरते आणि कुकी ट्रेवर पसरते. अंडं घाला, मग चाळलेलं पीठ, मग चॉकलेट. आणि तुमच्या भाचीसाठी एक गोष्ट आवर्जून: नागपुरी संत्र्याची साल बारीक किसणीने किसून एक चमचा त्यात घाला, वरची नारिंगीच, खालची पांढरी कडू असते. साल साखरेत आधी बोटांनी चोळली तर साखर ओलसर, केशरी होते आणि घरभर वास सुटतो. चॉकलेट आणि संत्रं एकमेकांना फार शोभतात, आणि तिला आपल्या गावचं काहीतरी आत सापडेल.

हे मिश्रण सैल दिसेल, चिखलासारखं. इथे हात आवरायचा. आणखी पीठ घालायचा मोह सगळ्यांना होतो आणि त्यानेच कुकी कोरडी होते. झाकून फ्रीजमध्ये किमान दोन तास ठेवा, रात्रभर ठेवलं तर फारच उत्तम. ज्वारी आणि तांदूळ गव्हापेक्षा सावकाश पाणी पितात. भिजले की कचकच जाते, इसबगोल फुगतं आणि सकाळी तोच चिखल लाडू वळण्याइतका घट्ट होतो.

अंडं चालत नसेल तर भाकरीचीच युक्ती. विरी नसलेल्या पिठाला आपण आधणाचं पाणी घालतो ना, तसं. ९० ग्रॅममधलंच दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ घ्या, चार मोठे चमचे दूध उकळून त्यात घाला, मंद आचेवर ढवळत उकड काढा, पूर्ण गार करा आणि अंड्याच्या जागी फेटा. कुकी जरा मऊ होते, पण तुटत नाही. जवसाची पूड पाण्यात भिजवूनही काम होतं. मला त्याचा वास चॉकलेटच्या आड येतो, म्हणून मी उकडच घेते.

सकाळी ओव्हन १७० अंशांवर १५ मिनिटं तापू द्या. त्याआधी आतला चुरा झाडून पुसून घ्या, टोस्ट आणि खारीचे कण जाळीखाली साठलेले असतात. ट्रेवर बटर पेपर. २५ ग्रॅमचे गोळे करून, मध्ये दोन-दोन बोटं जागा सोडून जरासे दाबा. साधारण २४ होतात. आधी एकच कुकी भाजून बघा. फार पसरली तर गोळे आणखी अर्धा तास गार करा, जागची हललीच नाही तर बाकीच्या जास्त दाबा. ११ मिनिटांनी कडा बसलेल्या आणि मधला भाग कच्चा वाटेल, वर बारीक चिरा असतील. तेव्हाच बाहेर काढायच्या. आणि मग दहा मिनिटं ट्रेला हात लावायचा नाही. गरम असताना त्या ओल्या वाळूसारख्या असतात. बटर गार होऊन घट्ट झालं की धरतात. ओव्हनमध्येच कडक होईपर्यंत ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी खडे होतात.

आता माझी एक कळकळीची विनंती. तिच्यासाठी म्हणून वेगळ्या बारा कुकीज करू नका. सगळ्या घराला याच करा, दुप्पट प्रमाणात. माझी लेक ८ वर्षांची असताना नाताळच्या दिवसांत आम्ही कॅम्पात गेलो होतो. कयानी बेकरीसमोर श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग होती, बटरचा वास रस्त्यावर येत होता, बरोबरची चुलत भावंडं उड्या मारत होती. तिने विचारलं, ‘आई, मी लांब उभी राहू का?’ तिच्या पिशवीत मी तिची वेगळी डबी दिली होती. ती डबी तिने त्या दिवशी उघडलीच नाही. पुढच्या वर्षापासून आमच्याकडे नाताळचा आणि दिवाळीचाही एकच डबा असतो, ज्यात कुणीही न विचारता हात घालावा. घरातल्या कुणाला आजवर मैदा आठवलेला नाही. आमच्या वानवडीच्या गोवेकर शेजारीण कलकलांबरोबर दोदोलही पाठवतात. कलकल मैद्याचे असतात, पण दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गुळाचा. त्या आता लेकीसाठी दोदोलाचं ताट निराळ्या सुरीने कापून आधी बाजूला काढतात. माया अशीही करता येते, सुरी बदलून.

तुमच्या शेजारच्या बेकरीवाल्यांनी भट्टीत भाजून द्यायची तयारी दाखवली तरी नको म्हणा. लहानपणी आपण रवा-तूप-साखर घेऊन नानकटाई करून आणायला जायचो तसं हे करता येत नाही. तिथल्या ट्रेवर, हवेत, कामगारांच्या हातांवर मैदाच असतो, त्यात त्यांचा काही दोष नाही.

ती आठ दिवस राहणार म्हणून आणखी थोडं. फोडणीचा बांधणी हिंग बघा, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात, थालिपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठात गहू असतो. दुधात घालायच्या पावडरीत माल्ट. आणि ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणणारं घरात कुणी असेल, तर त्यांना आधीच शांतपणे बसवून सांगा की काही मुलांचं पोट लगेच दुखतं आणि काहींना बाहेरून काहीच कळत नाही, आत आतड्याला मात्र इजा होते.

ती २४ ला येतेय, तर २२ च्या रात्री पीठ भिजवा, २३ ला सकाळी पोळ्यांच्या आधी भाजा. हवाबंद डब्यात पाच-सहा दिवस छान राहतात. आठ-दहा गोळे कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतात. ती परत जायला निघेल त्या संध्याकाळी थेट फ्रीझरमधून काढून दोन मिनिटं जास्त भाजा आणि गाडीत द्या. रात्रीच्या प्रवासात सगळे डबे उघडतात तेव्हा तिच्याकडेही वाटायला काहीतरी असेल.