जुन्या घराचं ऊर्जा प्रमाणपत्र: तपासनिसाला दिसतं तेवढंच कागदावर येतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शहराबाहेरच्या वस्तीतलं, साठेक वर्षांपूर्वी बांधलेलं स्वतंत्र घर आई-वडिलांकडून तुमच्याकडे आलं. ते भाड्याने द्यायचं आहे आणि त्यासाठी ऊर्जा कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. माळ्यावर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या केल्या आहेत, बिलंही कमी येतात. तरी शेजारच्या तशाच घराला अगदी तळाची श्रेणी मिळाली, म्हणून तुम्हाला धास्ती वाटते.

मी या फेऱ्यातून दोनदा गेले आहे. पहिल्यांदा जे हातून निसटलं ते तुमच्या हातून निसटू नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बिलांचं. बिल कमी येतं म्हणजे घर चांगलं, असं प्रमाणपत्र मानत नाही. तुमचे आई-वडील दोघंच राहत होते, बहुधा दोनच खोल्या गरम ठेवत असतील, त्यामुळे बिल कमी. तपासणीत माणसं मोजत नाहीत, इमारत मोजतात. सगळं घर ठरावीक तापमानाला ठेवलं, ठरावीक माणसं राहिली, तर किती ऊर्जा लागेल हे गणिताने काढतात. म्हणून उद्या पाच जणांचं कुटुंब आलं तरी श्रेणी तीच राहते. काही ठिकाणी प्रत्यक्ष वापरावरचं प्रमाणपत्रही चालतं. जर्मनीत असे दोन प्रकार आहेत, वापरावरचं आणि गरजेच्या गणितावरचं, आणि वापराच्या प्रकारात सलग तीन वर्षांचा हिशोब धरतात. पण १९७७ सालच्या उष्णता-नियमांआधीच्या, चारपर्यंत बिऱ्हाडांच्या आणि नंतर न सुधारलेल्या इमारतीला तिथेही गणिताचंच प्रमाणपत्र लागतं. फ्रान्समध्ये जुन्या घरांना बिलांवरून श्रेणी देण्याची पद्धत होती, ती २०२१ मध्ये बंद झाली. थोडक्यात, घर जुनं असेल तर गणिताचीच तयारी ठेवा.

भाड्याने द्यायचं म्हणताय, म्हणून हेही सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ए (सर्वांत चांगली) ते जी (सर्वांत वाईट) अशा सात श्रेणी आहेत आणि काही सवलती सोडल्या तर ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२५ पासून जी श्रेणीच्या घराचा नवा भाडेकरार होत नाही. प्रमाणपत्र या देशांत १० वर्षं चालतं. तुमच्याकडची किमान श्रेणी कोणती ते आधी पक्कं करा. आणि अशा प्रमाणपत्रांच्या नोंदवहीत तुमच्या घराचं एखादं जुनं, अजून मुदतीतलं प्रमाणपत्र आहे का ते पाहा. बऱ्याच जणांना ते असल्याचं माहीतच नसतं.

आता खरा मुद्दा. तपासनीस भिंत फोडून पाहत नाही. त्याला जे डोळ्यांनी दिसतं किंवा कागदावर सिद्ध करता येतं, तेवढंच तो नोंदवतो. बाकीच्या ठिकाणी घराच्या बांधकामाच्या काळावरून ठरलेला आकडा टाकतो, आणि जुन्या घरासाठी तो आकडा फार वाईट असतो. शेजाऱ्यांचं घर खरोखर वाईट असेलच असं नाही. त्यांच्याकडे दाखवायला काही नसेल, एवढंच असू शकतं.

आमच्या घरी नेमकं हेच झालं. माळ्यावर लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या, त्यावर ट्रंका आणि पुस्तकांची खोकी. फळ्यांखाली २० सेंटीमीटर जाडीची खनिज लोकर अंथरलेली होती, ती आम्ही स्वतः उभं राहून घालून घेतली होती. तपासनीस शिडीवर चढला, झाकण उचललं, टॉर्च फिरवला, फळ्या पाहिल्या आणि खाली उतरला. प्रमाणपत्रावर आलं, "छत: इन्सुलेशन नाही, असे गृहीत." काम केलेल्या माणसाची पावती सापडत नव्हती. श्रेणी एका पायरीने घसरली आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्या एका ओळीने किती फरक पडतो ते पाहा. उष्णता किती झिरपते ते यू-मूल्याने सांगतात: आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो आकडा. इन्सुलेशन नसलेल्या उतरत्या छताचं यू-मूल्य साधारण २.३ धरतात. २० सेंटीमीटर लोकर असेल तर ०.२ च्या आसपास. माळा ५० चौरस मीटरचा आणि आतबाहेर २० अंशांचा फरक धरला, तर पहिल्या हिशोबात २३०० वॅट उष्णता जाते, दुसऱ्यात २००. छत तेच, लोकर तीच. फक्त ती कोणाला दिसली नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही झाकणाजवळच्या दोन फळ्या काढून ठेवल्या आणि दूरच्या कोपऱ्यातली एक. लोकरीत उभी मोजपट्टी खोचून फोटो काढले, शेजारी छताचे वासे दिसतील असे, म्हणजे फोटो याच घराचा आहे हे कळावं. काम करणाऱ्याकडून पावतीची प्रत मागवली, तिच्यावर पत्ता, तारीख आणि जाडी होती. तपासनिसाने (दुसरा होता) स्वतः वर जाऊन मोजलं आणि आकडा लिहून घेतला. दहा मिनिटांचं काम.

भिंतींचंही असंच. स्वतंत्र घराला चारही बाजूंनी बाहेरची भिंत असते, त्यामुळे जोडघरापेक्षा तिचं वजन हिशोबात जास्त. तुमची भिंत सलग विटांची आहे की मध्ये पोकळी असलेली दुहेरी, हे आधी ओळखा. गिलावा नसेल तर बाहेरून विटा पाहा. प्रत्येक थरात विटेची फक्त लांब बाजू दिसत असेल तर बहुतेक पोकळीची भिंत. मधून मधून विटेचं आखूड टोक दिसत असेल तर सलग भिंत, कारण ती वीट आरपार आडवी घातलेली असते. गिलावा असेल तर दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीशी भिंतीची जाडी मोजा आणि दोन्हीकडचा गिलावा वजा करा. एका विटेची सलग भिंत २२-२३ सेंटीमीटर भरते, पोकळीची २५ च्या पुढे जाते. साठ वर्षांपूर्वीच्या घरात दोन्ही शक्य आहेत, म्हणून अंदाजावर राहू नका.

सलग भिंतीचं यू-मूल्य २ च्या आसपास, चांगलं इन्सुलेशन केल्यावर ०.३. शंभर चौरस मीटर भिंतीतून, त्याच २० अंशांच्या फरकाला, ४००० वॅट विरुद्ध ६००. पोकळीत नंतर इन्सुलेशन भरलेलं असेल तर बाहेरच्या सांध्यांमध्ये, ठरावीक अंतरावर, सिमेंटने बुजवलेली बोटभर भोकं दिसतात. सकाळच्या तिरक्या उन्हात ती चटकन नजरेला येतात. त्यांचा फोटो काढा, आणि काम करणाऱ्याचं हमीपत्र आई-वडिलांच्या कागदपत्रांत शोधा. जुन्या माणसांनी असले कागद सहसा टाकलेले नसतात. घराच्या खरेदीखताची फाइल, बँकेचा डबा, कपाटाचा वरचा कप्पा, सगळं पाहा.

मागची खोली नंतर वाढवली आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. ते फार महत्त्वाचं आहे. वाढीव भागाचा काळ वेगळा नोंदवता येतो आणि नंतरच्या नियमांनुसार बांधलं असेल तर गृहीत आकडाही चांगला मिळतो. बांधकाम परवानगीचा कागद दाखवला नाही तर तीही खोली मूळ घराच्या वयाची धरली जाण्याचा धोका असतो.

खिडक्यांची पावती ठेवा. ती नसेल तर दोन काचांच्या मधल्या धातूच्या पट्टीवर बऱ्याचदा वर्ष किंवा निर्मात्याची खूण छापलेली असते, ती दाखवा. घर गरम करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे बॉयलर किंवा हीट पंपाच्या, मॉडेलची पाटी वाचता येईल असा फोटो काढा, कारण कार्यक्षमता मॉडेलवरून शोधतात, मॉडेल कळलं नाही तर इथेही गृहीत आकडाच. गरम पाण्याच्या टाकीला आवरण असेल तर कपाट रिकामं करून ते दिसू द्या. थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं बटण, कुठे आहे ते दाखवा. बल्ब बदलायचे राहिले असतील तर तेवढे बदलून टाका.

तपासनीस निवडताना मान्यताप्राप्त आहे ना ते पाहाच, पण फोनवर दोन गोष्टी विचारा: तुम्ही माळ्यावर स्वतः चढता का, आणि पावत्या व फोटो पुरावा म्हणून घेता का. "पंधरा मिनिटांत उरकतो" म्हणणारा मी नाकारला असता. आणि इन्सुलेशन किंवा खिडक्या विकणाऱ्याकडूनच तपासणी करून घेऊ नका.

प्रमाणपत्रासोबत सुधारणांची यादी येते. तिच्यातलं काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, हे घर पाहून ठरवा. पुष्कळदा त्या यादीत भिंतींचं आतून इन्सुलेशन असतं. जुन्या सलग भिंतीत ओल असेल आणि तिच्यावर आतून थर चढवला, तर मूळ भिंत आणखी थंड पडते, आतली वाफ तिच्यावर जमते आणि थराच्या मागे बुरशी धरते. आधी पन्हळी, फुटलेला गिलावा, जमिनीलगतची ओल दुरुस्त करा. फटी बुजवताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली वाफ बाहेर जाण्याची सोय ठेवा. हे मी कळकळीने सांगते, कारण तिथे तुमचे भाडेकरू राहणार आहेत आणि बुरशीचा त्रास लहान मुलांना आधी होतो.

फटी कुठे आहेत ते वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती घेऊन फिरलात तरी कळतं. चौकटीच्या कडेने, माळ्याच्या झाकणाशी, नळ भिंतीतून आत येतो तिथे धूर जिथे आडवा होतो, तिथे वारा येतोय. खरी चाचणी पंख्याची: दारात मोठा पंखा बसवून आतबाहेर ५० पास्कल दाबाचा फरक करतात आणि हवा किती गळते ते मोजतात. साध्या प्रमाणपत्राला ती सहसा लागत नाही, पण मोठं काम काढणार असाल तर आधी करून घ्या. जुनी चिमणी (धुराडं) उघडी असेल तर तिचाही हिशोब होतो. ती बंद केलीत तर थोडी हवा खेळायला जाळी ठेवा, नाहीतर आत ओल साचते.

आधी काम की आधी प्रमाणपत्र? अनुदान घेणार असाल तर अटी वाचा, कारण काही योजनांना कामाआधीचं आणि कामानंतरचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं लागतात. अनुदान नसेल तर किरकोळ कामं उरकून मगच तपासनिसाला बोलवा.

आणि प्रमाणपत्र हातात आलं की लगेच वाचायला बसा. "गृहीत" हा शब्द जिथे जिथे आहे तिथे थांबा. बांधकामाचा काळ, भिंतीचा प्रकार, मजल्याचं क्षेत्रफळ, छताची जाडी, बॉयलर, एवढं ताडून पाहा. चूक असेल तर पुराव्यासह तपासनिसाला कळवा. नोंद दुरुस्त करणं त्याचं काम आहे, आणि त्याने दाद दिली नाही तर त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करता येते. आम्ही हे पहिल्या वेळी केलं नाही, "सरकारी कागद आहे, आता काय होणार" म्हणून गप्प बसलो, आणि दुसऱ्या तपासणीचा खर्च अंगावर घेतला.

या रविवारी एवढं करा: दाराच्या चौकटीशी भिंत मोजा, माळ्याच्या झाकणाखालचं सामान बाजूला करा, एक फळी उचलून खालच्या लोकरीची जाडी पाहा. भिंतीची जाडी आणि लोकरीचा आकडा, दोन्ही इथे लिहा. तुमच्या घराची कुठली नोंद कशी होईल आणि कशाला कुठला पुरावा लागेल, ते त्यावरून मी नीट सांगू शकेन.