वाचकांचे प्रश्न : मातीची भांडी घडवताना

प्रश्न : शेतातली काळी माती मळून मी पणत्या आणि एक लहान मडके घडवले, परंतु उन्हात ठेवताच सगळ्यांना तडे गेले. विजेवर चालणारे चाक विकत घेतल्यास काम सुधारेल का?
– एक वाचक, पलूस

उत्तर : चाक तूर्त घेऊ नये, कारण आपली अडचण हाताची नसून मातीची आणि वाळवण्याची आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि पाणी गेले की तितकेच आकसते. उन्हाळ्यात रानाला ज्या भेगा पडतात, त्याच आपल्या पणत्यांना पडल्या. म्हणूनच कुंभार नदीकाठचा किंवा तळ्यातला गाळ घेऊन त्यात चाळलेली राख, बारीक वाळू किंवा लीद मिसळतात. राख आणि वाळू यांनी माती कमी आकसते, तर लीद भाजताना जळून जाते आणि मागे राहिलेल्या बारीक पोकळ्यांमुळे भांडे तापण्या-निवण्याचा ताण अधिक सोसते.

मळलेल्या मातीची बोटभर जाडीची पट्टी करून तिच्यावर सुईने १० सेंटिमीटरची रेघ ओढावी आणि पट्टी सावलीत पूर्ण सुकल्यावर ती रेघ पुन्हा मोजावी. रेघ ९ सेंटिमीटरच्या खाली आली असेल, तर राख किंवा वाळू थोडी वाढवून नवी पट्टी करावी. मात्र करंगळीएवढी वळी बोटाभोवती गुंडाळताना तुटू लागली, तर भर जास्त झाली असे समजावे.

घडवण्याची सुरुवात हातानेच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. गोळ्यात अंगठा रोवून, कड दाबत दाबत वाटी वाढवावी. ती साधली की वळ्या एकावर एक रचून मडके उभे करावे. प्रत्येक वळी बसवण्यापूर्वी दोन्ही बाजू काट्याने खरवडून मध्ये तीच माती पातळ करून लावावी, कारण नुसते दाबलेले जोड सुकताना सुटतात. बेंदराला ज्यांनी मातीचे बैल केले आहेत, त्यांना शिंगे का गळून पडतात हे सांगायला नकोच. वाळवताना कड आधी सुकते आणि तळ ओला राहतो, म्हणून भांडे सावलीत, कापडाने सैल झाकून ठेवावे आणि कड घट्ट झाली की पालथे घालावे.

प्रश्न : ओळखीच्या कुंभारकाकांनी माझी भांडी त्यांच्या आव्यात भाजून दिली. ती छान निघाली, पण काही दिवसांनी त्यांचे कपचे उडू लागले. भाजण्यात काही राहिले असेल का?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : आव्याला दोष देण्यापूर्वी कपचा उडालेली जागा पाहावी, तेथे पांढरा ठिपका असेल, तर ती चुनखडी आहे. आपल्या भागातील जमिनींत तिचे खडे सर्रास आढळतात. भाजल्यावर त्यांची चुनकळी होते, ती हवेतील ओलावा शोषून फुगते आणि वरची माती उडवते. पुढच्या वेळी माती वाळवून न कुटता पाण्यात भिजू द्यावी आणि बारीक जाळीतून गाळावी, म्हणजे खडे चुरून आत मिसळण्याऐवजी जाळीवर राहतील. गाळलेल्या मातीचा नमुना सुकवून त्यावर व्हिनेगर टाकावे; जोराने बुडबुडे आले तर दुसरीकडची माती शोधलेली बरी.

प्रश्न : घरच्या ओव्हनमध्ये पणत्या भाजता येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. हा ओव्हन साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि मातीच्या खनिजांत बांधलेले पाणी सुटायला सुमारे ५०० ते ६०० अंश लागतात. त्याखाली तापवलेल्या पणतीचा पाण्यात पुन्हा चिखल होतो. पणत्या कुंभारांच्या आव्यातच द्याव्यात, पण देण्यापूर्वी प्रत्येक गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत ओल आहे, आणि अशी पणती वाफेने फुटताना शेजारची भांडीही फोडू शकते.